"घरी वाचन घ्या" म्हणजे नेमकं काय करा? – घर, साक्षरता आणि संशोधन

पाटीपेन्सिल

"मुलांना रोज घरी वाचून दाखवा." पालकसभेत, अंगणवाडीच्या मेळाव्यात, दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर, सगळीकडे हा सल्ला असतो. सल्ला वाईट नाही. पण जिची शाळा चौथीत सुटली, जिच्या घरात पाठ्यपुस्तक सोडून दुसरं पुस्तक नाही, त्या आईच्या हाती यातून काय लागतं? ती मान डोलावते आणि घरी जाते. मी नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात अंगणवाड्या आणि पहिली-दुसरीच्या वर्गांसोबत काम करते. या विषयावरचं संशोधन मिळेल तसं वाचत असते. त्यातलं जे प्रत्यक्ष कामात उपयोगी पडलं ते इथं लिहिते. शिक्षक, पालक, बालवाडीताई सगळ्यांनी आपापलं लिहावं म्हणून धागा काढला आहे.

'कौटुंबिक साक्षरता' हा अभ्यासविषय म्हणून नावारूपाला आला तो डेनी टेलर या अमेरिकन संशोधिकेच्या १९८३ सालच्या पुस्तकामुळे. तिनं सहा मध्यमवर्गीय कुटुंबं जवळून पाहिली. मुलं तिथं धडे गिरवून वाचायला शिकत नव्हती. चिठ्ठ्या, याद्या, खेळांचे नियम अशा रोजच्या व्यवहारातच वाचन मिसळलेलं होतं. त्यानंतर सरकारी कार्यक्रम निघाले, वाद झाले, ते सगळं इथं सांगत बसत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लंडनच्या हॅरिंगे भागातला अभ्यास. तिझार्ड, स्कोफिल्ड आणि ह्युइसन या तिघांनी तो १९८२ साली प्रसिद्ध केला. कष्टकरी वस्तीतल्या शाळा, बरीच कुटुंबं बाहेरच्या देशांतून आलेली. काही वर्गांतली मुलं शाळेतून पुस्तक घरी न्यायची आणि घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची. दुसऱ्या काही शाळांत त्याच वयाच्या मुलांना एक जादा शिक्षिका छोट्या गटात वाचनाची मदत करायची. हे दोन वर्षं चाललं. घरी वाचून दाखवणारी मुलं स्पष्टपणे पुढे गेली. जादा शिक्षिकेच्या गटात तसा फरक पडला नाही. आणि खरी गोष्ट पुढेच आहे: काही घरांत पालकांना इंग्रजी नीट येत नव्हतं, काहींना वाचताच येत नव्हतं, तरीही मुलांना फायदा झाला.

म्हणजे वाचणारं मूल होतं, आणि पालकाचं काम होतं शेजारी बसून ऐकणं. आपण मात्र पालकसभेत नेमकं उलटं सांगतो. ज्याला वाचता येतं त्यालाच करता येईल असं काम सांगतो, आणि न वाचणाऱ्या आईला पहिल्याच वाक्यात बाहेर ठेवतो.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या मोनिक सेनेशल आणि लॉरा यंग यांचा, २००८चा. त्यांनी बालवाडी ते तिसरीच्या मुलांवरचे १६ प्रयोग एकत्र तपासले, एकूण १३४० कुटुंबं. पालकांना नेमकं एखादं कौशल्य शिकवायला दाखवलं, म्हणजे अक्षर-ध्वनीची जोडी, शब्द वाचण्याचा सराव, तर परिणाम सर्वांत मोठा. मुलाचं वाचन ऐकून घेण्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि नुसतं 'वाचून दाखवा' सांगण्याच्या सहापट. याचा अर्थ गोष्टी वाचून दाखवू नका असा कुणी घेऊ नये. सेनेशलनंच जो-अ‍ॅन लेफेव्हर यांच्यासोबत मुलांना पाच वर्षं पाहिलं होतं, ते २००२मध्ये प्रसिद्ध झालं. गोष्टी ऐकलेल्या मुलांचा शब्दसंग्रह वाढतो आणि त्याचं फळ तिसरीच्या सुमाराला, समजून वाचण्याची वेळ येते तेव्हा दिसतं. अक्षरओळखीचं फळ पहिलीतच दिसतं. दोन्ही हवं. पण एका कृतीला दुसरीचं काम सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट इंग्लंडमधल्या शेफिल्डची. पीटर हॅनन आणि कॅथी नटब्राउन यांनी तिथं जी चौकट वापरली, तीच मी आज मातागटात वापरते. पालक मुलाला चार गोष्टी देऊ शकतात: संधी, दखल, सोबत आणि नमुना. लिहिण्या-वाचण्याची संधी, मुलानं केलेल्या छोट्याशा प्रयत्नाची दखल, एखादी गोष्ट मुलासोबत बसून करणं, आणि मोठ्यांना स्वतःच्या कामासाठी वाचताना-लिहिताना मुलानं पाहणं. या चार गोष्टी पुस्तकं, भोवतालची अक्षरं, सुरुवातीचं लेखन आणि बोलणं या चारही अंगांना लावायच्या. शिक्षिका कुटुंबांच्या घरी जायच्या. १७६ मुलांपैकी निम्म्यांना कार्यक्रम मिळाला, निम्म्यांना नाही, निवड चिठ्ठ्या टाकून केलेली. कार्यक्रम संपताना ती मुलं पुढे होती. सात वर्षांच्या वयात हा फायदा टिकलेला दिसला तो ज्यांच्या आयांकडे कुठलीही शैक्षणिक पात्रता नव्हती त्या मुलांमध्ये. ज्यांच्याकडून आपण सर्वांत कमी अपेक्षा ठेवतो, त्यांच्याच घरात काम टिकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: पालकांना उपदेश नको, छोटी, करून दाखवलेली, न वाचणाऱ्यालाही जमणारी कृती हवी, आणि कुणीतरी पुन्हा जाऊन "कसं झालं?" असं विचारायला हवं. तुम्ही काय करता? काय जमलं, काय फसलं?

झेडपी_गुरुजी

ताई, मनापासून धन्यवाद. हॅरिंगेचं वाचून मी थांबलो. आमच्याकडे पालक स्वतःच सांगतात, "गुरुजी, आम्ही अडाणी, आम्ही काय घेणार अभ्यास." आणि आपणही ते मान्य करून पुढे जातो.

अडचणी लिहितो. एक, पुस्तकं. शाळेत गोष्टीची पुस्तकं आहेत, पण ती कपाटात कुलपात असतात, कारण हरवली तर नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं. मूल पुस्तक घरी नेत नाही तोवर हॅरिंगे होणार नाही. फाटलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक, असं वरून कुणीतरी लेखी सांगायला हवं. दोन, स्थलांतर. आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या मुलांचं घरच कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपडीत असतं, मग घरचं वाचन कुठलं? तीन, फोन. सगळे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि फोन बापाच्या खिशात असतो. आईपर्यंत संदेश पोचतो तेव्हा ती भाकऱ्या थापत असते.

एक गोष्ट मात्र जमली आहे. दुसरीच्या मुलांना सांगितलं, घरी गेल्यावर आजचा परिच्छेद कुणालाही वाचून दाखवायचा आणि त्या माणसानं फक्त एक प्रश्न विचारायचा: "मग पुढं काय झालं?" एवढंच. आज्या हा प्रश्न फार छान विचारतात, त्यांना गोष्ट खरोखरच ऐकायची असते.

कानामात्रा

उत्तम धागा. एक मुद्दा मांडायलाच हवा. सेनेशल-यंग यांनी तपासलेले प्रयोग मुख्यतः रोमन लिपीत वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचे. इंग्रजीत अक्षरं २६, अडचण त्यांच्या उच्चारांची. आपल्याकडे उच्चार सरळ, पण चिन्हांचा पसारा मोठा. व्यंजनं, त्यांची बाराखडी, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांचा कन्नडमधला अभ्यास सांगतो की अशा लिपीत अक्षरज्ञान पहिलीत आटोपत नाही, चौथीपर्यंत चालू राहतं. त्यामुळे 'पालकांनी अक्षरं शिकवावीत' हे वाक्य आपण जसंच्या तसं घेतलं, तर घराघरात बाराखडी घोकणं सुरू होईल. ते तर आधीच चालू आहे.

महाराष्ट्रातलाच पुरावा आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या यादगीर आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा इथं पहिली ते तिसरीची मुलं सलग पाहिली. वर्गातला बराच वेळ अक्षरं-मात्रा आणि नक्कल करण्यात जातो, अर्थाकडे यायला उशीर होतो आणि मुलांच्या घरच्या बोलीला वर्गात जागा मिळत नाही, हे त्यात पुढे आलं. वाड्यातल्या पुष्कळ मुलांच्या घरात प्रमाण मराठी बोललीच जात नाही.

माझ्या मते घरात कानाचं काम जास्त व्हावं. देवनागरी, कन्नड अशा अक्षर-लिप्यांमध्ये मुलाला आधी शब्दाचे तुकडे ऐकू येतात, 'क-म-ळ' असे; सुटे ध्वनी नंतर. भेंड्या, टाळ्या वाजवून शब्द तोडणं, 'म'नं सुरू होणारी भाजी सांग, कोडी, बडबडगीतं. यासाठी कुणालाच वाचता यायला नको, आणि ही खरी साक्षरतेची तयारी आहे.

उंबरठा

सगळं पटतंय, पण मातागट, माता मेळावा, माता प्रशिक्षण, प्रत्येक ठिकाणी माताच का? पहाटेपासून पाणी, सरपण, मजुरी, स्वयंपाक. त्यावर आता मुलाची साक्षरताही तिचीच जबाबदारी. मूल मागे पडलं की दोषही तिचाच. संशोधक बाप मोजत नाहीत का?

आकडेमोड

धागा आवडला, आणि म्हणूनच काही गोष्टी ताडून पाहायला हव्यात असं वाटतं. मी शिक्षणक्षेत्रातला नाही, सांख्यिकी शिकवतो.

हॅरिंगेचा निकाल सुंदर आहे, पण त्याच धर्तीवर इंग्लंडमधल्याच रॉचडेलमधल्या बेलफिल्डला काम झालं, तिथं चाचणीच्या गुणांत तशी वाढ दिसली नाही. ते मूल्यमापन पीटर हॅनन यांचंच, १९८७चं. आपल्याच आवडीच्या कामाबद्दल असं प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस विश्वासाचा. पण एका गावात झालं ते दुसरीकडे होईलच असं नाही.

अमेरिकेचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. 'ईव्हन स्टार्ट' हा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९८८च्या कायद्यानं सुरू झाला. पालकांना साक्षरता, मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण, पालकत्वाचं मार्गदर्शन आणि दोघांनी मिळून करायच्या कृती, सगळं एकाच छताखाली. कल्पना देखणी. तिसऱ्या राष्ट्रीय मूल्यमापनात १८ केंद्रांतली ४६३ कुटुंबं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली. कार्यक्रमातली मुलं आणि पालक पुढे गेले खरे, पण कार्यक्रमात नसलेलेही तेवढेच पुढे गेले. एक मोठं कारण म्हणजे कुटुंबांनी देऊ केलेल्या तासांपैकी थोडेच तास प्रत्यक्ष घेतले. २०११मध्ये त्याचा निधी थांबला.

भारतातला चिठ्ठीपद्धतीचा प्रयोग बॅनर्जी, बेरी आणि शॉटलंड यांचा, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या कामावर, बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांत, २०१७ साली प्रसिद्ध. काही वस्त्यांत आयांसाठी साक्षरता वर्ग, काहींत मुलांसोबत घरी करायच्या कृतींचं मार्गदर्शन, काहींत दोन्ही. आयांचं भाषा-गणित सुधारलं, मुलांच्या शिक्षणातला त्यांचा सहभाग वाढला. मुलांवरचा परिणाम दिसला तो गणितात, आणि तो माफक होता. खोटा नव्हे, माफक. हे पालकांना आणि अधिकाऱ्यांना सांगताना वाढवून सांगू नये असं मला फार वाटतं.

आणखी एक विनंती. प्रशिक्षणांत '३ कोटी शब्दांची दरी' हे चित्र अजून दाखवलं जातं, म्हणजे गरीब घरातलं मूल लहानपणी सधन घरातल्या मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी ऐकतं असं. हार्ट आणि रिस्ली यांचा १९९५चा तो आकडा कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून पुढे वाढवून काढलेला आहे, आणि नंतरच्या संशोधकांनी इतर समाजांत पाहिलं तेव्हा एकाच आर्थिक थरातल्या घराघरांत खूप फरक आढळला. गरीब घरात बोलणंच नसतं असा अर्थ त्यातून काढून पालकांपुढे मांडणं अन्यायाचं आहे.

पाटीपेन्सिल

@आकडेमोड, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून आमच्या बैठकीत नेणार आहे. ईव्हन स्टार्टमधून मी घेतलेला धडा असा: बाईला ठरावीक जागी, ठरावीक तासांना बोलावणारा कार्यक्रम तिच्या दिवसात बसत नाही. शेफिल्डला शिक्षिका घरी गेल्या. इस्तंबूलमध्ये १९८२पासून चीदेम काआतचिबाशी यांनी केलेल्या कामात गटबैठक आणि गृहभेट आलटून-पालटून होत. पुढे काही वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या आयांची मुलं शाळेत जास्त टिकलेली होती, आणि घरातल्या निर्णयांत त्या बायकांचा शब्द वाढला होता. तिथं मुलाचं शिक्षण आणि आईचं स्थान एकत्र हललं.

@उंबरठा, तुमचा प्रश्न रास्त आहे. शेफिल्डच्या प्रकल्पात कार्यक्रमाला येणाऱ्या बहुतेक आयाच होत्या. पण वडिलांबद्दल चौकशी केली तेव्हा जवळजवळ सगळेच घरी काही ना काही करत होते असं दिसलं: पेपरातल्या बातम्या, खेळाचे निकाल, बोलता बोलता. ते 'मुलाचं शिक्षण' म्हणून कुणी मोजलं नव्हतं, स्वतः वडिलांनीही नाही. आता आम्ही बैठकीत विचारतो, "घरात सगळ्यात जास्त अक्षरांशी संबंध कुणाचा येतो?" उत्तरं येतात: गाडी चालवणारा बाप, बचतगटाची वही लिहिणारी काकू, मोबाईलवर बाजारभाव बघणारा भाऊ, फवारणीच्या डबीवरची मात्रा वाचणारा आजा. मग काम त्या माणसाला द्यायचं. आईवर आणखी एक ओझं टाकायचं नाही.

@कानामात्रा, अगदी बरोबर. बाराखडीचा तक्ता आम्ही घरी देतच नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहिते. आमचे प्रश्न वेगळे आहेत तरी एक धागा जुळतो. इथं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात. मुलं बोलतात, पण वाचत नाहीत. आम्ही पालक उच्चशिक्षित, घरात पुस्तकं भरपूर, तरी मराठी वाचन होत नाही. म्हणजे पालकांचं शिक्षण आणि पुस्तकांची संख्या पुरेशी नसते, मुलाला त्या वाचनाची गरज दिसावी लागते. आमच्या मुलीनं मराठी वाचायला मनावर घेतलं ते आजीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांसाठी. आजी देवनागरीत लिहितात आणि उत्तरही देवनागरीतच मागतात.

बॉस्टनजवळच्या चेल्सीमध्ये जीन पॅराटोरी यांनी १९८९मध्ये स्थलांतरित पालकांसाठी वर्ग सुरू केले, त्यांची पद्धत मला आवडते. पालक स्वतःच्या गरजेचं इंग्रजी शिकायला येतात, आणि मुलांसोबतचं वाचन ज्या भाषेत त्यांना सोपं जाईल त्या भाषेत करतात. घरची भाषा सोडा असं कुणी सांगत नाही. आमच्या काही शेजाऱ्यांना शाळेतून सुचवलं गेलं होतं की घरी इंग्रजीच बोला. त्यांनी ऐकलं, आणि आज मूल आजोबांशी बोलू शकत नाही. कृपया कुठल्याही पालकाला हा सल्ला देऊ नका.

जात्यावरची

मी निरक्षर आईची मुलगी. पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आता महाविद्यालयात शिकवते. आईला अक्षर येत नव्हतं, पण ओव्या शेकडो यायच्या. 'निरक्षर घर' म्हटलं की त्या घरात भाषाच नाही असं का समजलं जातं? हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या रचणाऱ्या बहुतेक बायका शाळेत न गेलेल्या. यमक, उपमा, नातेसंबंध, देवाशी भांडण, सगळं त्यात आहे. अशा घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही.

अमेरिकेत याच विचारावर काम झालं आहे. लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेस आणि सहकारी १९९२च्या सुमारास अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये शिक्षकांना घेऊन मेक्सिकन कुटुंबांच्या घरी गेले, आणि गेले ते शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, गुरं, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार, या घरांकडे काय काय ज्ञान आहे ते नोंदवलं आणि त्यावर वर्गातले पाठ उभे केले. एल्सा ऑरबाख यांनी तर १९८९मध्येच लिहिलं होतं की शाळेचे रिवाज घरात कोंबणं म्हणजे कौटुंबिक साक्षरता नव्हे. हे लिखाण मी खूप उशिरा वाचलं, आणि वाचताना आईची आठवण येऊन रडले.

म्हणून माझी मागणी अशी की पालकसभेत एकदा तरी पालक बोलावेत आणि शिक्षकांनी वहीत लिहून घ्यावं.

मुरबाडकर

@जात्यावरची, +१. आमच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा पुष्कळांना माहीत असेल. ८ मार्च २०१६ला सुरू झाली, गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन जातात. बातम्यांत साड्याच जास्त येतात; मला महत्त्वाचं वाटतं ते घरी घडतं. नातवंडं आजीचा गृहपाठ घेतात. दुसरीतलं पोर आजीला काना-मात्रा समजावतं तेव्हा त्याचं स्वतःचंही पक्कं होतं. इथं साक्षरता खालून वर जाते. प्रौढांचे वर्ग एका खात्याकडे आणि मुलांचे दुसऱ्याकडे, असं वेगळं ठेवण्यापेक्षा दोघांना एकत्र बसवलं तर?

लेकुरवाळी

माझा अगदी साधा प्रश्न आहे. मुलगा पहिलीत, मी बारावी, नवरा रिक्षा चालवतो. रोज वीस मिनिटं मिळतात. मी काय करू? मी तर त्याला चुकलं की लगेच सांगते, मग तो रुसतो आणि पुस्तक बंद करतो.

पाटीपेन्सिल

@लेकुरवाळी ताई, वीस मिनिटं पुष्कळ आहेत. तो अडला की मनात पाच आकडे मोजून थांबा. बहुतेक वेळा मूल स्वतःच सुधारतं. नाही सुधारलं तर शब्द सरळ सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या; तो शब्द नंतर गोष्टीतच पुन्हा येतो. चूक झाली तरी अर्थ बदलत नसेल, 'आला'च्या ऐवजी 'आलाय' वाचलं, तर सोडून द्या. पुस्तक त्याला झेपणारं असावं, ओळीत दोन-तीनदा अडखळावं लागत असेल तर ते अवघड आहे, ते तुम्ही त्याला वाचून दाखवा.

गोष्ट तुम्ही वाचत असाल तेव्हा मधेच थांबून विचारा, "हा का रडतोय?", "तू असतास तर?" ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८मध्ये हीच पद्धत तपासली: मोठ्यांनी वाचताना मुलाला जास्त बोलतं केलं, तर थोड्या आठवड्यांतही त्याचं बोलणं वाढतं. म्हणजे वाचन कमी आणि गप्पा जास्त, असं झालं तरी चालेल. आणि रिक्षा ही तर खजिना आहे! पाट्या, थांब्यांची नावं, मागच्या काचेवरची अक्षरं. बाबांनी रोज एक पाटी लक्षात ठेवून यायची आणि रात्री मुलाला लिहायला सांगायची.

पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात, प्रिंटही काढता येतात.

झेडपी_गुरुजी

चर्चा वाचून शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोललो. जूनपासून एवढं ठरवतोय: कपाटातली पुस्तकं पिशव्यांत घालून दुसरी-तिसरीच्या मुलांना आठवड्याला घरी देणार. फाटली-हरवली तर पिशवीमागे कुणाला जाब विचारायचा नाही, हे मुख्याध्यापकांनी मान्य केलं आहे. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यासाठी २०२२पासून जे मातागट बनले, ते काही वाड्यांवर अजून टिकून आहेत. तिथं दर पंधरा दिवसांनी एक शिक्षक संध्याकाळी जाणार, एक कृती करून दाखवणार आणि मागची कशी झाली ते ऐकणार. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत पुस्तकं जास्त देणार आणि कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करून ठेवणार.

@आकडेमोड सर, याचा उपयोग झाला की नाही हे कसं कळेल? साधं सांगा, आमच्याकडे वेळ कमी आहे.

आकडेमोड

गुरुजी, तीन गोष्टी. जूनमध्ये पिशव्या वाटण्याआधी प्रत्येक मुलाकडून एकच परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या, एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते लिहा, आणि नंतर गोष्ट काय होती ते विचारून दोन ओळी नोंदवा. डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये तेवढ्याच अवघड दुसऱ्या परिच्छेदावर पुन्हा. शेजारच्या एखाद्या शाळेत, जिथं पिशव्या नाहीत, तेच मोजता आलं तर फार बरं, नाहीतर वयामुळे झालेली वाढ तुम्ही पिशव्यांच्या नावावर लिहाल.

पालकांना "वाचन घेतलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. "काल कुठली गोष्ट झाली, कोण शेजारी बसलं होतं?" असं विचारा. उत्तर तपशिलात आलं तर झालेलं आहे.

आणि भेटींची नोंद ठेवा: किती ठरल्या, किती झाल्या, किती घरी माणूस भेटला. निकाल चांगला आला नाही तर आधी हाच कागद उघडायचा. कृती चुकीची होती की पोचलीच नाही, ते त्यावरून कळतं.

पाटीपेन्सिल

यात एकच भर. 'कोण शेजारी बसलं होतं' याचं उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा: आई, बाबा, आजी, ताई, शेजारीण. @उंबरठा यांच्या प्रश्नाचं आपल्या गावापुरतं उत्तर त्या रकान्यातून मिळेल. डिसेंबरचे आकडे आले की गुरुजी, याच धाग्यावर टाका. आमच्या अंगणवाड्यांचे मी टाकते.